मळका रुमाल

भाचीचं ठरलेलं लग्न मोडलं, त्या वर्षी ती आत्याच्या लॉन्ड्रीच्या दारात येऊन उभी राहिली. आत्याने आधी तिच्या हातातल्या बुटांच्या खोक्याकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. खोक्यात मांजराचं पिल्लू होतं. त्याचा एक डोळा चिपडांनी मिटलेला होता.

"नवरा सोडलास आणि हे धरलंस?" आत्या म्हणाली. "अक्कल कुठे गहाण टाकलीस?"

भाचीने आयत्या वेळी लग्नाला नकार दिला होता आणि बापाने तिच्या तोंडावर दार लावून घेतलं होतं. आत्याचं घर सोडलं तर तिला जायला जागा नव्हती. हे दोघींनाही माहीत होतं.

आत्याला जगात फारसं काही पसंत पडत नसे. माणूस तिला कॉलरवरून कळे, आणि कॉलरी बहुतेक काळ्याच असत. भाऊ तिच्या लेखी बुळा, गिऱ्हाइकं गबाळी आणि लग्न केलेल्या बायका म्हणजे बिनपगारी धोबिणी. तिच्या नजरेत भरलेला एकच जीव त्या घरात होता. ती म्हणजे पांढरी म्हातारी मांजर, बाईसाहेब. बाईसाहेब दिवसभर स्वतःचं अंग चाटून स्वच्छ करत आणि कुणाला भाव देत नसत.

पिल्लू दिसताच बाईसाहेब फिस्कारल्या आणि इस्त्रीच्या टेबलावर चढून बसल्या.

"महिनाअखेरपर्यंत मुदत," आत्या म्हणाली. "बाईसाहेबांनी त्याला घरात घेतलं तर दोघं राहा. नाही घेतलं तर दोघं निघा. मला रोजची कटकट नको."

भाचीने पिल्लाला मागच्या खोलीत ठेवलं. एक रुमाल पिल्लाच्या अंगावर चोळून तिने बाईसाहेबांच्या ताटलीखाली अंथरला. दुसरा बाईसाहेबांच्या गालांवरून फिरवून पिल्लाच्या खोक्यात घातला. रुमाल हलवायचे नाहीत, म्हणजे दोघांना एकमेकांच्या वासाची सवय होते, असं तिने आत्याला सांगितलं.

"पोरींना सासरी धाडताना कुणी रुमाल हुंगायला देत नाही," आत्या म्हणाली, "आणि मांजराची ही थेरं!"

"म्हणून तर गेले नाही," भाची म्हणाली.

त्या संध्याकाळी बाईसाहेबांनी ताटलीला तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या रुमालावर बसून निवांत जेवल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. भाचीचा चेहरा उजळला. आठवडाभर तिने वाट पाहिली आणि मग मागच्या खोलीचं दार उघडलं.

बाईसाहेबांनी पिल्लाला असं बुकललं की त्याच्या कानातून रक्त आलं.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. "महिना संपायची कशाला वाट बघतेस? बांध सामान."

पिल्लाचा कान पुसायला भाचीने ताटलीखालचा रुमाल ओढला. तो हाताला कडक लागला. तिने तो उजेडात धरला. चार घड्यांच्या रेघा सरळ उमटल्या होत्या.

"आत्या, याला खळ आहे."

"असणारच."

"तू हा धुतलास?"

"रोज धुते. सकाळी पहिल्या कपड्यांबरोबर दोन्ही रुमाल उकळते. इस्त्री करून होते तिथे ठेवते. मळकं चिरगूट माझ्या घरात पडून राहील? शी!"

भाची भांडली असती तर आत्याला सोपं गेलं असतं. ती नुसतीच खाली बसली.

"तो मळच तर त्यांची ओळख करून देणार होता गं," ती म्हणाली.

आत्याने कोपऱ्यातल्या, भाचीने अजून पुरत्या न सोडलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग तिने अंगावरचा पांढराशुभ्र एप्रन सोडला, त्यात पिल्लाला रक्ताबिक्तासकट गुंडाळलं, खसाखसा पुसलं. त्याच एप्रनने टेबलावरच्या बाईसाहेबांनाही पुसलं. आणि तो पुन्हा अंगावर चढवला.

"तू मूर्ख ती मूर्खच," ती म्हणाली. "सामान आत ठेव."

तो एप्रन तिने उतरवला नाही. काउंटरवर तोच, भट्टीपाशी तोच. शाळेतल्या एक बाई कपडे न्यायला आल्या आणि त्यांनी नाक मुरडलं.

"आज तुमचा एप्रन मळला वाटतं?"

"तो कामावर आहे," आत्या म्हणाली. "तुम्ही तुमच्या कॉलरीचं बघा."

महिन्याच्या शेवटच्या दुपारी आत्या खुर्चीत बसली होती आणि पिल्लू तिच्या मांडीवर, एप्रनमध्ये झोपलं होतं. बाईसाहेब वर चढल्या. बाईसाहेबांनी पंजा उगारला. एप्रन हुंगला, पिल्लू हुंगलं, पुन्हा एप्रन हुंगला. मग पंजा खाली ठेवून, मान फिरवून, असल्या फडतूस जिवाकडे आपण ढुंकूनही बघत नाही अशा थाटात, त्या त्याला टेकून बसल्या.

"नखरेल कुठली," आत्या म्हणाली. कुणाला म्हणाली, ते कळलं नाही.

मुदतीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बाईसाहेब तिसऱ्या वर्षी गेल्या. आत्या बाराव्या वर्षी, भर थंडीत, भाचीच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.