एक माणूस जास्त

बागेत दहापेक्षा जास्त माणसं एकत्र बसणार असतील, तर परवाना लागतो. फेरीवर आलेल्या उद्यान निरीक्षकाने फाटकातूनच डोकी मोजली. कारंज्यापाशी पाठमोरे बसलेले म्हातारे अकरा भरले. त्यांचं खो-खो हसणं रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं.

"एकाला उठव, नाहीतर सगळ्यांना उठव," त्याने रखवालदाराला फर्मावलं.

रखवालदार जाऊन बोलला, तसं हसणं थांबलं. एक जण काठी टेकत मागच्या दाराने निघून गेला. निरीक्षकाने वहीत 'नियमभंग नाही' असं लिहिलं आणि पुढची बाग गाठली.

संध्याकाळी घरी आला, तर वडील खोलीत दिवा न लावताच बसलेले. आई गेल्यावर वर्षभर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. आत्ता कुठे आठवड्यापासून बाहेर पडू लागले होते.

"बाबा, आज लवकर आलात?"

"अरे, बागेत एक माणूस जास्त होत होता. बाकीचे सगळे जुने सोबती, मग मीच उठलो."

त्याला तोंड वर करवेना. वडीलच समजूत काढल्यासारखे म्हणाले,


"साहेब नियमाला पक्का आहे म्हणे. अगदी तुझ्यासारखा."