फाटक गेलं का?

"अजून कळतंय तिला," फरशीवाला गाडीतून उतरत म्हणाला.

मिस्त्रीने कपाळावर हात मारून घेतला नाही, एवढंच. नव्या कोऱ्या पिकअपवर त्याचा हा तिसरा दिवस होता. टायरमध्ये ठासून भरलेली हवा त्याने कमी केली होती, मागचे शॉकअप बदलले होते. तरी गाडी मागून उडायची ती उडायचीच. पिकअप जन्माला येतं ते ओझ्यासाठी. पाठीवर टनभर फरशी टाकली की गरीब गाईसारखं चालतं, रिकामं ठेवलं की लाथा झाडतं. हे फरशीवाल्याला सांगायची गरज नव्हती, धंदाच त्याचा तो. पण त्याला आत्ता फरशी न्यायची नव्हती. आईला न्यायचं होतं.

आई गाडीतच बसून होती. पाच वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले आणि गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्यापासून पाठ गेली. लेकीकडे जायचंय, असा तिने महिनाभर घोशा लावला होता. लेकीचं घर गाडीने दोन तासांवर. वाटेत रेल्वे फाटक ओलांडावं लागायचं आणि तिथले रूळ म्हणजे धडधाकट माणसाचेही दात वाजवणारे.

"फाटक गेलेलं तिला कळता कामा नये," फरशीवाल्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "बाकी काही नको मला."

चाचणीची फेरी ठरलेली होती. गॅरेजपासून फाटक, फाटकापलीकडे शाळा, तिथून परत. फरशीवाला चालवायचा, मिस्त्री दाराशी आणि आई दोघांच्या मध्ये. ती बसल्या जागी रस्ता वाचायची. रूळ लागले की म्हणायची, फाटक आलं. शाळेपाशी लागोपाठ दोन स्पीडब्रेकर होते. ही शाळा, म्हणायची, तुला इथे घातला तेव्हा एकच होता. डोळस ड्रायव्हरांनाही एवढा रस्ता पाठ नसतो, असं मिस्त्री म्हणाला तेव्हा ती खुदकन हसली होती. मुलगा हसला नव्हता. आईने एकेक ठिकाण ओळखलं की त्याचा चेहरा पडायचा, आणि ते पाहून मिस्त्री गॅरेजला परतताच पुन्हा गाडीखाली शिरायचा.

त्याला कारण होतं. स्वतःच्या वडिलांना त्याने दवाखान्यात नेलं होतं ते मोडक्या टेम्पोत घालून. त्याच फाटकावर ते कण्हले होते, आणि आलंच आता, आलंच आता, असं तो म्हणत राहिला होता. लोकांच्या गाड्या मऊ करण्यात जन्म गेला आणि बापाच्या वाट्याला टेम्पो आला. म्हणून या गाडीसाठी त्याने सुट्टीच्या दिवशीही गॅरेज उघडलं.

चौथ्या दिवशी त्याने मागच्या स्प्रिंगच्या कमानीतला एक पोलादी पाटा काढून टाकला. मागच्या चाकांवर बरोबर वजन येईल अशी वाळूची सहा पोती रचली. सीटवर वीतभर जाडीचा फोम घातला. फरशीवाला चहा आणायला गेला होता.

"मिस्त्री," आतून आईचा आवाज आला, "फाटकाचं काय म्हणत होता हो तो तुम्हाला?"

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत दाराशी उभा राहिला. "म्हणाला, फाटक गेलेलं आईला कळता कामा नये. नशीबवान आहात, आई. असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही."

 ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या मनासारखं होऊ दे."

त्या दिवशीच्या फेरीत ती एक शब्दही बोलली नाही. हात मांडीवर ठेवून समोर तोंड करून बसली होती. रूळ लागले तेव्हा तिचं एक बोट हळूच उचललं गेलं आणि गुडघ्यावर टेकलं. थोड्या वेळाने पुन्हा टेकलं, लागोपाठ दोनदा. म्हाताऱ्या माणसांची बोटं अशी चाळवतातच, मिस्त्रीला वाटलं.

गॅरेजशी गाडी थांबल्यावर मुलाने विचारलं, "आई, कुठवर आलो सांग बघू."

"काय माहीत बाबा. निघालो तरी का अजून?"

फरशीवाल्याचा चेहरा एकदम खुलला.  मिस्त्रीने तोंड फिरवलं आणि तो उगाचच पान्हे पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक गेले. दोन दिवसांनी फरशीवाला एकटाच आला. माल भरायचा होता, काढलेला पाटा परत बसवून हवा होता. सीटवरचा फोम त्याने आधीच काढून टाकला होता.

"लेकीला भेटून आई खूश झाल्या असतील," मिस्त्री म्हणाला.

फरशीवाला वाळूचं पोतं ओढत होता. तो थांबला नाही. "ताईकडे नाही नेलं. ताई नको म्हणाली. आमच्याच्यानेही आता होत नाही. दुसऱ्या रस्त्याला एक वृद्धाश्रम आहे, चांगला आहे. ताई बाजारात गेलीय, येईलच, असं सांगून आलो."

"त्या रस्त्याला फाटक नाही," मिस्त्री म्हणाला.

"तेच तर. तिला रस्ता पाठ. फाटक लागलं नाही की लगेच ओळखलं असतं." त्याने पोतं खाली टाकलं आणि हात झटकले. "अर्ध्या वाटेत विचारलंच तिने, फाटक गेलं का रे? म्हटलं, केव्हाच गेलं. म्हणाली, बरं झालं, काही कळलंच नाही. तुमच्या हाताला यश आलं, मिस्त्री."

मिस्त्री पाटा उचलायला वाकला आणि तसाच राहिला. शेवटच्या फेरीत आईचं बोट गुडघ्यावर टेकलं होतं. फाटकावर एकदा आणि शाळेपाशी दोनदा.