माळ्यावरचं हेल्मेट

मुक्ता सायकलवरून कॉलेजला निघाली, तेव्हा रंगनाथरावांनी माळ्यावरचं जुनं हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर बसवलं.

"बाबा, हे आता कोणी घालत नाही. गाड्यांना मेंदूची स्पंदनं लांबूनच कळतात."

"कळू देत. तू घाल."

त्यांचा धाकटा भाऊ सायकलवर असतानाच ट्रकखाली गेला होता. तेव्हा ट्रक माणसं चालवत. मुक्ताने हनुवटीखाली पट्टा लावला आणि निघाली.

थोड्याच वेळात गल्लीत ओरड झाली की कुणा सायकलवाल्या मुलीमुळे नाक्यावर सगळं ठप्प झालंय. रंगनाथराव अनवाणीच धावले.

मुक्ता रस्त्याच्या मधोमध सायकल धरून उभी होती, धडधाकट आणि चांगलीच वैतागलेली. तिच्यामागे एक ट्रक आणि त्याच्यामागे गाड्यांची रांग, सगळं जागच्या जागी थांबलेलं.

"तुमच्या या टोपल्यातून माझी स्पंदनं बाहेरच येत नाहीत," ती म्हणाली. "सायकल चालतेय आणि वर माणूस सापडत नाही, म्हणून एकही गाडी पुढे यायला तयार नाही."

रंगनाथराव त्या ट्रककडे बघत राहिले. भावाच्या वेळी ट्रकवाला पोलिसांना एवढंच म्हणाला होता, 'मला दिसलाच नाही, साहेब.' हा ट्रक कोणी दिसलं नाही म्हणून थांबला होता.

त्यांनी तिच्या हनुवटीखालचा पट्टा सोडला. हेल्मेट निघालं, तसा ट्रक ऐसपैस अंतर ठेवून बाजूने निघून गेला.

"जाऊ आता?"

"जा."

ती दिसेनाशी होईपर्यंत ते थांबले नाहीत. हेल्मेट काखेत मारून सरळ घराकडे वळले.