अकरा नंबरचा कॉम्प्युटर

शाळेचा शिपाई कवडू, त्याच्या फायद्याचा हिशोब सोपा होता. एक नाव सांगायचं, की लॅबची किल्ली कायमची त्याच्याकडे. नाही सांगितलं, तर एक तारखेपासून संस्थेच्या सेलूच्या शाळेत, फाटकावर.

फाटकाचं त्याला काही वाटत नव्हतं. पण सेलूच्या फाटकावर रोशनी नव्हती. रोशनी पवनारच्या लॅबमध्ये होती, अकरा नंबरच्या कॉम्प्युटरात.

त्याची ही पोरगी तापानं गेली त्याला तीन वर्षं झाली. नववीत असताना विज्ञान प्रदर्शनात तिनं सूर्यचूल मांडली होती, तेव्हाचं हे चार मिनिटांचं शूटिंग. मधेच ती हसून म्हणते, "बाबा, बाजूले सरका ना, तुमची सावली पडून राह्यली." घरी तिचा फोटो एकच, तोही आधार कार्डावरचा. आवाज फक्त इथं.

रोज मधल्या सुट्टीत बारावीतली मयुरी त्याला ते लावून द्यायची. कंपासपेटीतली चिठ्ठी काढायची, खटखट काहीतरी टाइप करायची आणि खुर्ची पुढं सरकवायची.

"बसा काका. कोणाले सांगू नका बरं."

"मी काऊन सांगू माय? कामाच्या वक्ताले बसलेला दिसलो, त सर माझीच हजेरी घेतीन."

मयुरी तोंडावर हात धरून हसायची.

शाळेच्या इंटरनेटला कुंपण होतं. अभ्यास सोडून बाकी सगळं बंद. पण कोणीतरी रोज ते कुंपण ओलांडत होतं. संस्थेचं कडक पत्र आलं आणि मुख्याध्यापक ताराचंद सर कवडूवर घसरले.

"दिवसभर लॅबमध्ये तूच असतोस ना? दिसत नाही तुला?"

"मले त्यातलं का समजते सर?"

"समजू नको. नाव दे. नाहीतर सेलूला तुझं नाव देतो."

दोन दिवस कवडूनं मनातल्या मनात तोलून पाहिलं. चिठ्ठी पाहून टाइप करणारी पोरगी अख्ख्या शाळेत एकच. एका पारड्यात ती. हुशार आहे, चार शिव्या खाईल आणि विसरेल. दुसऱ्या पारड्यात रोशनी; ती तर कॉम्प्युटरातच, किल्ली हातात असली की झालं. बापाचा काटा कुठं झुकणार, हे त्याला तोलण्याआधीच ठाऊक होतं. तिसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यानं तिच्या कंपासपेटीतली चिठ्ठी उचलली आणि सरांच्या टेबलावर ठेवली.

"हीच ती पळवाट!" सर खूश झाले.

मयुरीला बोलावलं. कवडू पाण्याचा ट्रे घेऊन दाराशीच उभा होता.

"काय पाहत होतीस? खरं सांग, माफ करतो."

मयुरी टेबलावरच्या चिठ्ठीकडं पाहत राहिली.

"कोण्या पोराशी बोलत होतीस?"

"नाई सर."

"मग? बोल, नाहीतर दाखला घे आणि घरी जा."

तिनं एकदा कवडूकडं पाहिलं. कवडूनं फरशीकडं पाहिलं. मग तिनं दाखल्यासाठी हात पुढं केला.

संध्याकाळी आंजीहून तिचे वडील आले. वसतिगृहातली पेटी त्यांनी मोटरसायकलला बांधली. परीक्षेला दोन महिने होते. फाटकापाशी ती कवडूजवळ थांबली.

"काका, मी काईच सांगितलं नाई बरं."

न सांगितल्यानंच त गेली, येडी कुठली, कवडूला वाटलं. पण त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी शब्द पाळला. लॅबची किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि सोबत एक कागद दिला.

"भोक बुजवलं बघ. आता इथं काही उघडणार नाही. हा त्या पोरीचा सगळा कारभार, इंटरनेटवाल्यांनी काढून पाठवला. मी अजून पाहिला नाही, फाईलला लावून टाक."

कवडू चौथी पास. व्हरांड्यातून लॅबकडं जाताजाता अक्षराला अक्षर जोडत त्यानं वाचायला घेतलं. तारीख. वेळ, मधली सुट्टी. कॉम्प्युटर, अकरा. पुढं, कुंपण ओलांडून इंटरनेटवर काय पाहिलं.

बत्तीस दिवसांच्या बत्तीस ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एवढंच होतं: सूर्यचूल, कु. रोशनी कवडू थूल.