झाडाखालचा माणूस

उन्हं कलली की झाडाखाली उभ्या माणसाची सावली फांद्यांच्या बाहेर येते. वरून माणूस दिसला नाही, तरी ती दिसते.

हे कल्पिताला कामातून उमगलं होतं. वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात बसून ती ड्रोनने काढलेल्या फोटोंतल्या प्रत्येक माणसाभोवती चौकट आखायची आणि त्यावरून कॉम्प्युटर माणूस ओळखायला शिकायचा. पुरात अडकलेल्यांना शोधायला, असं धनेशसर म्हणाले होते. पण वर्षभरात एकाही फोटोत पाणी दिसलं नव्हतं. नोकरी सोडायचा विचार ती दर महिन्याला पुढच्या महिन्यावर ढकलायची.

आज डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या प्रेमच्या मोबाइलवर बातम्यांतली चर्चा चालू होती. युद्धात ड्रोनने शेतात राबणारी माणसं मारली, तर दोष कोणाचा?

"अगं, जेव ना! आपण कुठे कोणाला मारतोय?" प्रेम हसला.

जागेवर येऊन तिने नवा फोटो उघडला. माउसला हात लावायच्या आतच एका झाडावर आपोआप चौकट उमटली, नेमकी माणसाची सावली जिथून निघत होती तिथे.

"वा कल्पिता!" मागे उभे असलेले धनेशसर हरखले. "तुझं पोर शिकलं की गं!"



"सर, मी नोकरी सोडतेय."