डाव्या हाताचा रंधा

दसऱ्याला पूजेतून उचललेला आजोबांचा रंधा बाबांनी थेट धाकट्या बहिणीला दिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"दुकानात भुसा मी खाल्ला, आणि रंधा हिला?"

"आजोबांच्या डाव्या हातानं मूठ झिजलीय. तुला नाही बसायची. ही डावरी आहे," बाबा म्हणाले.

मी रंधा हिसकावला. उजव्या हातात धरला, तर अंगठ्याचा खळगा भलत्याच बाजूला. बहीण गालातल्या गालात हसली. चिडून मी हात बदलला आणि अंगठा खळग्यात अलगद बसला.

मीही डावराच होतो. पुढे दुकान मीच चालवणार होतो. आजोबांसारखं मलाही गाव 'डावऱ्या सुतार' म्हणून चिडवेल, या धास्तीनं बाबा लहानपणी माझा डावा हात फडक्यानं बांधायचे. बहीण कुठल्या हातानं काय धरते, हे तेव्हा कुणी पाहिलंच नव्हतं.

मी फळीवर रंधा रेटला. सवय मोडलेला डावा हात घसरला, लाकडावर ओरखडा उठला. बाबांनी मान खाली घातली.

"दादा, दे," बहीण म्हणाली.

रंधा दिला. तिच्या त्या कधीच न बांधलेल्या हातावरून माझी नजर मात्र हटेना.