जुळ्या डिस्क नकोत
बाबांच्या पश्चात वाचनालयाचा सर्व्हर ती सांभाळू लागली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका डिस्कचा दिवा लाल झाला. जुन्या वर्तमानपत्रांत काहीही शोधायची सोय त्याच सर्व्हरवर होती. ग्रंथपालांचा चेहरा उतरला. "सर्व्हर बंद करायचा का गं?" "नको काका. बाबांनी प्रत्येक पान दोन डिस्कवर ठेवलंय, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या." ग्रंथपालांना आठवलं, "खरेदीच्या वेळी केवढा भांडला होता तो माझ्याशी! म्हणे, जुळी भावंडं एकदमच आजारी पडतात." ती हसली. वाचक शोधत असतानाच तिने बिघडलेली डिस्क ओढून काढली आणि तिच्या जागी नवी बसवली. चांगल्या डिस्कवरची पानं नवीवर उतरू लागली. तेवढ्यात वाचनकक्षातून एक आजोबा कुरकुरले, "अहो, आज उत्तर यायला जरा वेळ लागतोय हं!" डिस्क मेल्याची बातमी बाहेर एवढीच पोचली होती. बाबांबद्दलच्या अभिमानाने तिचा ऊर भरून आला.